कृपया स्केल करू नका

"मग? किती तोळे जमलं?"

मी शनिवारी नदीवर जाऊन वाळूत सोनं शोधतो हे कुणाला कळलं की पहिला प्रश्न हाच. गेल्या महिन्यात एका मित्राकडे जेवायला गेलो होतो, तिथेही तेच. मी खिशातून बोटाएवढी काचेची कुपी काढून दाखवली (हो, मी ती खिशात घेऊन फिरतो). तळाशी पाण्यात थोडे पिवळे ठिपके. कुपी हातोहात फिरली, कुणी दिव्यासमोर धरली, कुणी चष्मा काढून डोळ्याजवळ नेली. शेवटी मित्राची आई म्हणाली, "एवढंच? अरे, ह्यात साधी चमकी नाही व्हायची!" सगळे हसले. मीही हसलो. काकूंचं बरोबरच होतं.

इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. डोकं फिरतं ते पुढच्या प्रश्नाने. पाच-सहा इंजिनियर एका खोलीत असले की तो येतोच. "अरे, हाताने कसलं करत बसतोस? मशिन घे एखादं. स्केल कर ना!" एकाने तर लगेच फोन काढून पंपाने नदी उपसणाऱ्या कुणा दाढीवाल्याचा व्हिडिओ लावला.

तेव्हा माझ्या तोंडात गुलाबजाम होता, त्यामुळे उत्तर राहून गेलं. ते आज देतो.

माझं म्हणणं सरळ आहे. हा छंद सुरू करायचा असेल तर एक पॅन घ्या, आणि तिथेच थांबा. पॅननंतरची प्रत्येक पायरी तुम्हाला छंदाकडून धंद्याकडे नेते, आणि हा धंदा ज्या नदीत झाला त्या नदीचं काय झालं हे कॅलिफोर्नियाने एकदा पाहिलेलं आहे.

आधी हे करतात कसं ते सांगतो, कारण "स्केल कर" म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना तेच माहीत नसतं.

तुमच्या आईला किंवा आजीला तांदूळ रोळताना पाहिलंय? पातेल्यात तांदूळ, वर पाणी, पातेलं थोडं कलतं धरून हलकेच हलवायचं. तांदूळ पाण्याबरोबर दुसऱ्या भांड्यात जातो आणि खडे तळाशी राहतात. झालं, तुम्हाला गोल्ड पॅनिंग समजलं. फरक इतकाच की घरी आपण तळाशी उरलेलं फेकतो आणि इथे तेच ठेवतो. साधी गारगोटीची वाळू पाण्याच्या सुमारे २.६५ पट जड, काळी वाळू (म्हणजे मुख्यतः मॅग्नेटाइट, लोखंडाचं खनिज) ५ पटीच्या आसपास आणि सोनं १९.३ पट. एवढा फरक असल्यावर बाकीचं काम पाणीच करतं. आपण फक्त मधे मधे करायचं नाही.

कृती: पॅनमध्ये वाळू-गोटे भरा आणि पॅन पाण्याखाली बुडवा. ढेकळं हाताने फोडा, मोठे गोटे धुऊन बाजूला टाका. मग पॅन पाण्याखालीच आडवा धरून जोरात डावी-उजवीकडे हलवा. नवशिके इथेच घाबरतात, त्यांना वाटतं सोनं सांडेल. उलट आहे. हलवल्यामुळेच जड कण खाली सरकतात. मग पॅनच्या खाचा पलीकडच्या बाजूला ठेवून पॅन कलता करा आणि वरचा हलका थर पाण्याच्या लाटेने जाऊ द्या. पुन्हा आडवा, पुन्हा हलवा, पुन्हा कलता. शेवटी चमचाभर काळी वाळू उरते. त्यात थोडंसं पाणी ठेवून पॅन हळूच गोल फिरवलात की काळ्या वाळूची शेपटी पुढे सरकते आणि मागे एखादा पिवळा ठिपका एकटाच राहतो.

तो क्षण कसा असतो ते सांगत नाही. तुमचं तुम्ही बघा.

नदीवर जायच्या आधी घरी बाथटबात किंवा मोठ्या टोपात सराव करा. मासेमारीच्या शिशाचे बारीक छर्रे मिळतात, त्यातले दहा ठोकून चपटे करा, बागेतल्या वाळूत मिसळा आणि रोळा. दहापैकी दहा परत मिळेपर्यंत घरीच थांबा. शिसं ११.३ पट जड, सोन्याहून बरंच हलकं. ते तुमच्या पॅनमध्ये टिकलं तर सोनं टिकेलच. मी ह्याला युनिट टेस्ट म्हणतो. माझी पहिली टेस्ट दहापैकी चार अशी आली होती :-) (शिसं विषारी आहे, नंतर हात साबणाने धुवा आणि तो टोप पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.)

आता तोळ्याचा हिशोब, काकूंसाठी. नदीत मिळणारा एक बरा कण धरू: एक मिलिमीटर लांब, एक रुंद, दशांश मिलिमीटर जाड. शुद्ध सोनं धरलं तरी वजन सुमारे १.९ मिलिग्रॅम. एक तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे असे सहा हजार कण. दर शनिवारी दहा कण मिळाले तर सहाशे शनिवार. साडेअकरा वर्षं! त्यात एकही शनिवार ऑन-कॉल नको, पाहुणे नकोत, पाऊस नको. सॅन होझेहून जाण्या-येण्याचं पेट्रोल तर मी धरलंच नाहीये.

हा हिशोब समजला की माणसापुढे दोन रस्ते उरतात. एक म्हणजे हसून सोडून द्यायचं आणि रोळण्यासाठी रोळायचं. दुसरा म्हणजे सहा हजार कण लवकर कसे मिळतील ह्याचा विचार करायचा. दुसऱ्या रस्त्यावर दुकानं आहेत.

पहिलं दुकान 'पे-डर्ट'चं. कुणीतरी वाळूत मोजून सोनं मिसळतो आणि पिशवी टपालाने घरी पाठवतो. विकणारा नुकसानीत धंदा करणार नाही, तेव्हा पिशवीतलं सोनं पिशवीच्या किमतीहून कमीच असणार. शाळेतल्या मुलाला गंमत म्हणून एकदा आणून द्या, पण त्याला शोधणं म्हणू नका. पुढे स्लूस, म्हणजे खाचा असलेली पन्हळ, जी प्रवाहात ठेवून वरून वाळू ओतायची. पुढे हायबँकर, म्हणजे त्याच पन्हळीला पंप. मग मेटल डिटेक्टर. आणि सगळ्यात वर सक्शन ड्रेज, नदीच्या तळावर फिरणारा व्हॅक्यूम क्लीनर. प्रत्येक पायरीवर आश्वासन एकच: आतापर्यंत मिळालं नाही कारण तुझं यंत्र छोटं होतं. दहा-पंधरा डॉलरच्या प्लॅस्टिकच्या पॅनपासून सुरू झालेला माणूस बघता बघता हजारात जातो, आणि ते वसूल करायचे म्हणून आणखी उपसतो. आपल्या व्यवसायात हे रोज बघतो आपण. दोनशे युजर असलेल्या ॲपला दोन कोटींचं आर्किटेक्चर!

ही युक्ती जुनी आहे. २४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा इथे, अमेरिकन नदीच्या दक्षिण फाट्यावर, जेम्स मार्शलला करवतीच्या गिरणीच्या पाटात सोनं दिसलं. त्या मे महिन्यात सॅम ब्रॅनन नावाचा दुकानदार सोन्याच्या भुकटीची बाटली उंचावत सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांतून ओरडत फिरला. त्याआधी त्याने आपल्या दुकानात फावडी, घमेली, पॅन भरून ठेवले होते. कॅलिफोर्नियातला पहिला लक्षाधीश म्हणून नाव होतं ते ब्रॅननचं. मार्शल १८८५ मध्ये गरिबीत वारला. (ब्रॅननचंही शेवटी काही उरलं नाही. १८८९ मध्ये तोही कफल्लकच गेला. असो.)

आता मुख्य गोष्ट. सोन्याच्या गर्दीची गोष्ट आपण खच्चर, तंबू आणि नशीब अशी ऐकतो. मला ती स्केलिंगची गोष्ट वाटते. पहिल्या वर्षी पॅन. लगेच पाळण्यासारखं हलवायचं रॉकर. मग लांबलचक पन्हळी. आणि १८५३ मध्ये नेवाडा सिटीजवळ एडवर्ड मॅटिसनने पाण्याचा जोरदार फवारा डोंगरावर सोडला. त्यानंतर लोकांनी वाळू खणणं सोडलं आणि डोंगरच धुवायला घेतले. मॅलाकॉफ डिगिन्सला कधी गेलात तर कड्यावर उभं राहून खाली बघा. तिथला खड्डा काही ठिकाणी सुमारे ६०० फूट खोल गेला होता आणि तो पाण्याच्या तोट्यांनी केलेला आहे.

धुतलेला डोंगर गेला कुठे? खाली. यूबा नदीचं पात्र गाळाने इतकं भरलं की मेरीसव्हिल गावाचे रस्ते नदीच्या तळापेक्षा खाली गेले. बांध घातले, बांध उंच केले, तरी १८७५ मध्ये पाणी गावात शिरलंच. शेतकऱ्यांची शेतं गोट्या-वाळूखाली गेली. शेवटी जानेवारी १८८४ मध्ये न्यायाधीश लोरेन्झो सॉयर ह्यांनी खाणींचा गाळ नद्यांत सोडायला बंदी केली आणि तो उद्योग जवळजवळ बसला.

आणि ज्या माणसाने पॅन घेऊन सुरुवात केली होती त्याचं काय झालं? पाणी, पाट, पाइप ह्यांना भांडवल लागतं. काही वर्षांतच एकेकटा खाणकरी मागे पडला आणि कंपन्यांच्या पगारावर कामाला लागला. सोन्यासाठी हजारो मैल आलेला माणूस दुसऱ्याच्या सोन्यावर रोजंदारी करू लागला. ही गोष्ट मला आमच्या ऑफिसात बसून वाचताना जरा जास्तच ओळखीची वाटते.

पण गाळापेक्षा वाईट गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. पन्हळीत बारीक सोनं निसटतं, म्हणून तिच्यात पारा ओतायचे. पारा सोन्याला धरून ठेवतो, नंतर तापवून पारा उडवायचा. हा पारा मुख्यतः कॅलिफोर्नियाच्याच किनारपट्टीच्या डोंगरांतून यायचा आणि त्याची सगळ्यात मोठी खाण होती न्यू अल्माडेन, सॅन होझेच्या दक्षिणेला. आपल्यातले कितीतरी जण त्या भागात राहतात, खाणीच्या जागी झालेल्या पार्कात रविवारी पोरांना घेऊन चढायला जातात. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाच्या अंदाजाने कॅलिफोर्नियातल्या नदी-वाळूच्या खाणींमधून सुमारे १ कोटी पौंड पारा निसर्गात सांडला. साडेचार हजार टन! त्यातला बहुतेक सिएराच्या नद्यांत. तो गेलेला नाही. तळाच्या भेगांत, गाळात बसून आहे, तिथून माशांत जातो, आणि म्हणून आजही तिथल्या कितीतरी नद्या-तलावांसाठी कोणता मासा किती खावा ह्याच्या सरकारी सूचना आहेत.

आता सक्शन ड्रेजवाल्यांचा आवडता मुद्दा. ते म्हणतात, आम्ही तर नदी साफ करतो, सोन्याबरोबर पाराही काढतो. ऐकायला छान आहे. कॅलिफोर्नियाच्या जल नियंत्रण मंडळाच्या वतीने ह्याची चाचणी झाली, कोलोमाच्याच नदीवर, आणि तिचा अहवाल २००५ मध्ये आला. ड्रेजने सुमारे ९८ टक्के पारा पकडला. वा! पण जो निसटला तो बारीक भुकटी होऊन निसटला आणि त्या गाळातलं पाऱ्याचं प्रमाण घातक कचऱ्याच्या मर्यादेच्या दहा पटींहून जास्त निघालं. म्हणजे जो पारा भेगेत शांत पडून होता तो दळून खाली वाहत पाठवला. ९८ टक्के अचूकता ऐकून खूष होणाऱ्या आणि उरलेल्या २ टक्क्यांचं काय होतं हे न विचारणाऱ्या मीटिंगा मी पुष्कळ पाहिल्या आहेत. कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये सक्शन ड्रेज थांबवले. खाणवाल्यांनी कोर्टात भांडून पाहिलं, २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी वैध ठरवली.

"पण मी कुठे ड्रेज घेतोय? छोटी पन्हळ तर बऱ्याच ठिकाणी चालते!" असं एक मित्र म्हणाला. मान्य. काही सरकारी जमिनींवर हाताने भरायची पन्हळ कायद्यात बसते, आणि एका माणसाच्या एका पन्हळीने नदी मरत नाही हेही खरं. माझा आक्षेप पन्हळीला आहे त्याहून जास्त ती घेण्यामागच्या कारणाला आहे. ती तुम्ही रोळायला शिकण्यासाठी घेत नाही, रोळणं टाळण्यासाठी घेता. पन्हळीत माती ओतणं ही हमाली आहे. पॅनमध्ये तुम्हाला पाण्याचा वेग, वाळूचा थर, हाताचा कोन हे सगळं कळत जातं. नदीच्या वळणाच्या आतल्या बाजूला पाणी मंदावतं म्हणून जड कण तिथे बसतात, मोठ्या धोंड्याच्या पाठीमागे बसतात, खडकातल्या भेगेत बसतात, हे मी वाचलं होतं. समजलं ते तीन शनिवार चुकीच्या जागी बसून काही न मिळाल्यावर. ते तीन शनिवार मशिनने वाचवले असते तर मला काय शिकायला मिळालं असतं?

आणखी एक जण म्हणाला की आपल्याकडेही लोक हे करतात, त्यांना सांगशील का थांबा म्हणून? चांगला प्रश्न आहे. सुवर्णरेखेच्या काठी लोक पोटासाठी वाळू धुतात. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोंड ह्या नोंदीखाली 'सोनझारी झरेका' असं एक नाव आहे, ते ह्याच कामावरून पडलेलं. आणि सराफ गल्लीतली धूळ झाडून, गटारातला गाळ धुऊन सोन्याचा कण काढणारे झारेकरी तुम्ही कदाचित पहाटे पाहिलेही असतील. आपण नाक दाबून पुढे गेलो असू. त्यांच्या हातात जी सफाई असते ती माझ्यात दहा वर्षांत येणार नाही. त्यांनी उद्या मशिन मागितलं तर नको म्हणणारा मी कोण? त्यांना त्या कणाची गरज आहे.

मला नाही. इथेच माझा सगळा मुद्दा आहे. मला महिन्याच्या महिन्याला पगार येतो. माझ्या कुपीतलं सोनं उद्या हरवलं तर मला वाईट वाटेल, पण घरात काही अडणार नाही. ज्याला गरज नाही त्याने नदीकडून जास्त मागायला कारणच काय? 'जास्त मिळतं म्हणून' हे कारण डोंगर धुणाऱ्यांकडेही होतंच.

तेव्हा मित्रा, तुझ्या गुलाबजामांबद्दल आभार. पुढच्या शनिवारी माझ्याबरोबर चल. जास्तीचा पॅन आहे माझ्याकडे. तो व्हिडिओ घरी ठेव, काकूंना मात्र घेऊन ये. त्यांनी आयुष्यभर तांदूळ रोळलेत, मला खात्री आहे की दुपारपर्यंत त्या आपल्या दोघांच्या पुढे असतील.

ता. क. : खरंच सुरुवात करणाऱ्यांसाठी थोडक्यात.

१. हिरवा किंवा निळा प्लॅस्टिकचा पॅन घ्या, त्यावर पिवळा कण चटकन दिसतो. बरोबर एक छोटी पिचकारी-बाटली, एक कुपी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक (काळी वाळू काढायला). बस.

२. जागेचे नियम आधी वाचा. कोलोमाच्या पार्कात ठरवून दिलेल्या जागीच आणि फक्त पॅन आणि हात, फावडंही नाही. इतर ठिकाणी जमिनीवर कुणाचा 'क्लेम' आहे का ते तपासा. दुसऱ्याच्या क्लेमवर रोळणं म्हणजे चोरीच.

३. अभ्रक चमकतं आणि फसवतं. पॅन सावलीत न्या. अभ्रकाची चमक जाते, सोनं सावलीतही पिवळंच राहतं. शंका असेल तर सुईने दाबा. सोनं दबतं, पायराइटचा चुरा होतो.

४. पॅनमध्ये चांदीसारखा थेंब दिसला तर तो पारा. पांढरट दिसणारं सोनं म्हणजे पारा लागलेलं सोनं. हात लावू नका, पुन्हा नदीत टाकू नका. पाण्यासकट घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून घातक कचऱ्याच्या केंद्रात द्या. घरी तापवून पारा उडवायचा प्रयोग कध्धीही करू नका. त्या वाफेने माणसं मेली आहेत.

५. दक्षिण फाट्यावर वरच्या धरणातून पाणी सोडतात आणि पातळी बघता बघता चढते. पाणी बर्फाचं असतं. लहान मुलं हाताच्या अंतरावर ठेवा.

६. निघताना केलेले खड्डे बुजवा.